आर्निस कसं शिकावं: एका काठीपासून रिकाम्या हातापर्यंत

रील बघून दोन काठ्या विकत घेतलेल्या माणसाला एकच सल्ला द्यावासा वाटतो: त्यातली एक कपाटात ठेवा. आर्निस या फिलिपिन्सच्या युद्धकलेत दोन काठ्यांचा जो झरझर चालणारा खेळ दिसतो, त्याला सिनावली म्हणतात. तो देखणा आहे, तालात आहे आणि मन लावलं तर महिन्याभरात जमतोही. पण त्यानंतर कुणी समोर उभं राहून एका काठीने साधा सरळ वार केला, की हेच लोक जागचे न हलता काठीला काठी लावायला जातात आणि बोटं फोडून घेतात. हात तयार झालेले असतात, पाय झालेले नसतात. आणि नजरेला समोरच्याच्या काठीकडे बघायची सवय लागलेली असते, त्याच्या हाताकडे नाही.

म्हणून इथे क्रम बदललाय. आधी एक काठी, मग पाय, मग अंतर, मग जोडीदाराचा हात. सिनावली त्यानंतर. रिकाम्या हातांचं काम सर्वांत शेवटी, कारण या कलेत ते काठीतूनच निघतं. कराटे किंवा तायक्वांदो करून आलेल्यांना हे उफराटं वाटतं. तिकडे हत्यार वरच्या पट्ट्यांना मिळतं, इथे पहिल्याच दिवशी हातात येतं.

नावांचा गोंधळ आणि एक महत्त्वाचा बदल

आर्निस, एस्क्रिमा, काली ही एकाच कुळातली नावं. सरकारी कागदावर, शाळांत आणि लुझॉनकडे आर्निस. सेबू आणि आसपासच्या बेटांवर एस्क्रिमा. काली हे नाव अमेरिकेतून जगभर गेलेल्या मंडळींच्या तोंडी जास्त. ११ डिसेंबर २००९ रोजी मंजूर झालेल्या ९८५० क्रमांकाच्या कायद्याने आर्निस हा फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरला. घराणी मात्र ढीगभर. सेबू शहरात १९३२ साली डोसे पारेस उभं राहिलं. पुढे व्हेनान्सिओ ‘आन्सिओंग’ बेकन यांनी वेगळी चूल मांडली आणि १९५२ मध्ये बालिंतावाक सुरू केलं: एकच काठी, जवळचं अंतर. नेग्रोस बेटावरच्या हिनिगारानचे रेमी प्रेसास (१९३६–२००१) यांनी मॉडर्न आर्निस बांधलं. क्लास शोधताना ही तीन नावं पुन्हा पुन्हा भेटतील. चौथं पेकिती-तिरसिया, तेही नेग्रोसचंच. पात्याचा, म्हणजे काठीकडे धारदार हत्यार म्हणून बघण्याचा, विचार तिथे सर्वांत उघड दिसतो.

प्रेसास यांचा एक बदल नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या पद्धतीत सरावातच जोडीदाराच्या हातावर काठी बसायची. मनगटं सुजायची, पोरं पळून जायची. प्रेसास यांनी हातावर मारण्याऐवजी काठीवर काठी मारायचा सराव रूढ केला. त्यामुळे ही कला शाळेत शिकवण्याजोगी झाली आणि जगभर गेली. पण त्याचा परिणाम असा की आज क्लासात काठीवर काठी वाजताना ऐकून नव्या माणसाला वाटतं, काठी हेच निशाण. तसं नाही. ती जोडीदाराच्या बोटांवर केलेली दया आहे. खरं निशाण काठी धरणारा हात. फिलिपिनो वस्ताद याला सापाचे दात पाडणं म्हणतात: हात निकामी झाला की हत्यार आपोआप गळतं.

फिलिपिन्समधला सरदार लापुलापू याची गोष्ट प्रत्येक क्लासात सांगितली जाते. २७ एप्रिल १५२१ रोजी मक्तान बेटावर त्याच्या माणसांनी मॅगेलन या दर्यावर्द्याला मारलं, आणि ते आर्निसच्या जोरावर, असं. पहिला भाग इतिहास आहे. मॅगेलनच्या मोहिमेत असलेल्या पिगाफेट्टाने तो लिहून ठेवलाय. त्याच्या वर्णनात भाले आहेत, बाण आहेत, मोठ्या पात्याची हत्यारं आहेत, बारा ठरलेल्या कोनांतून वार करणाऱ्या आपल्या काठीचा पत्ता नाही. मात्र एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे: हाताला बांबूच्या भाल्याची जखम झाल्यामुळे मॅगेलनला तलवार अर्धीच उपसता आली. हात गेला, मग माणूस गेला.

काठी कशी घ्यावी

भरीव वेताची, साधारण २८ इंच (७१ सेंटिमीटर) लांब आणि एक इंच जाड. उंची फार कमी-जास्त असेल तर हात बाजूला सरळ करून काखेपासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप घ्या. क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळाली नाही तर वेताचं फर्निचर करणाऱ्याकडे जा. सरळ तुकडा निवडा, दोन्ही टोकं कानशीने गोल करून घ्या. बांबू चालत नाही. तो पोकळ असतो, फुटला की चिरफळ्या उडतात आणि त्या डोळ्यांच्या उंचीवर उडतात. वेत फुटत नाही, त्याचे तंतू सुटत जातात. काठी मऊ पडली, झिपऱ्या निघाल्या की ती बदलायची वेळ झाली. जिथे मार बसतो तिथे इन्सुलेशन टेप गुंडाळली तर आयुष्य वाढतं. कोरड्या वेतावर वेत जोरात आपटला की जळकट वास येतो, घाबरू नका, तो तसाच येतो.

कामागोंग किंवा बाही या जड लाकडांच्या काठ्या ऑनलाइन छान दिसतात. त्या एकट्याने मनगट कमावायला ठीक. जोडीदारावर त्या उचलू नका, हाड मोडतं.

शिवाय डोळ्यांसाठी गॉगल, तोही कारखान्यात वापरतात तसा, ओरखडे सोसणारा. चष्मा असेल तर त्यावरून बसणारा. सरावाची जागा गच्ची, अंगण किंवा मैदान. फ्लॅटच्या हॉलमध्ये सराव करायचाच असेल तर आधी काठी वर करून पंख्यापर्यंत पोहोचते का ते बघा. बहुतेक घरांत पोहोचते.

पकड आणि पवित्रा

काठीच्या खालच्या टोकाशी मूठभर जागा सोडून धरा. त्या सुटलेल्या तुकड्याला पुन्यो म्हणतात आणि जवळच्या अंतरात तोच हत्यार होतो. अंगठा काठीवर लांब न ठेवता तर्जनीवर वळवून मिटा, निदान पहिले काही महिने. आता मुठीकडे बघा: दार ठोठावताना जी मधली पेरं दारावर लागतात, ती सगळी एका ओळीत आली पाहिजेत. त्या ओळीची दिशा म्हणजे काठीची धार. काठीला धार नसते हे मान्य, पण या कलेचे सगळे कोन पात्यावरून आलेत. पेरं वाराच्या दिशेने गेली नाहीत तर काठी हातात फिरते आणि मार चपटा बसतो.

मूठ किती घट्ट? हलवताना सैल, लागताना घट्ट, लागून झाल्यावर पुन्हा सैल. सतत आवळून धरणाऱ्यांचं कोपर बाहेरच्या बाजूने दुखायला लागतं. तसं झालं तर काठी आठवडाभर ठेवून द्या आणि परत आल्यावर मूठ सैल करा. मलमाने ते जाणार नाही.

उजवा हात चालवणाऱ्याने उजवा पाय पुढे ठेवावा. पाय खांद्याएवढे रुंद, गुडघे किंचित सुटलेले, टाचा जमिनीला टेकलेल्या पण भार पुढे. डावा हात छातीच्या मधोमध, तळवा उजवीकडे. या हाताचं नाव बांताय कामाय, म्हणजे पहारेकरी हात. तो कमरेशी लोंबकळत राहणं हा सर्वांत सार्वत्रिक दोष आहे आणि तो सुटायला सर्वांत जास्त वेळ लागतो. युक्ती अशी की एकट्याने सराव करताना डाव्या हाताचा अंगठा छातीच्या हाडाला टेकवून ठेवायचा. अंगठा सुटला की लगेच कळतं.

पाच वार

घराण्यागणिक वारांची संख्या बदलते. मॉडर्न आर्निसमध्ये बारा आहेत: पहिले दोन कानशिलांवर, पुढचे दोन खांद्या-दंडावर, पाचवा पोटात भोसकणं, मग छातीच्या दोन बाजू, दोन गुडघे, दोन डोळे आणि बारावा टाळूवर. बाराही पाठ करा, पण नंतर. काही घराणी पाचांवरच काम भागवतात आणि सुरुवातीला मला तेच पटतं. कारण माणसाचा हात मुळात चारच बाजूंनी येतो, वरून-खालून आणि उजवी-डावीकडून, पाचवा सरळ.

पहिला: उजव्या खांद्यावरून तिरका खाली, समोरच्याच्या डाव्या मानेकडे. सुलटा हात.
दुसरा: डाव्या खांद्यावरून तिरका खाली, त्याच्या उजव्या मानेकडे. उलटा हात.
तिसरा: सुलटा, आडवा, बरगडीच्या उंचीवर.
चौथा: उलटा, आडवा, त्याच उंचीवर.
पाचवा: पोटाकडे सरळ भोसक.

पहिल्या वारावर आठवडा घालवा. आरशासमोर उभं राहा. काठी खांद्यावर टेकलेली, कोपर खाली. आधी पुढच्या पायाचा चवडा जमिनीत रुततो, मग कंबर वळते, मग खांदा, मग कोपर सरळ व्हायला लागतं, आणि मनगट सर्वांत शेवटी सुटतं. हा क्रम हळू करून बघितला तर काठी मागे रेंगाळते आणि शेवटच्या वीतभर अंतरात झपकन पुढे जाते. जोर त्या वीतभर अंतरात असतो. घाईत लोक याच्या उलट करतात: आधी काठी मागे ओढतात, मग हाताने ढकलतात. मागे ओढणं म्हणजे समोरच्याला तार पाठवणं. काठी जिथे आहे तिथूनच निघाली पाहिजे.

वार संपवण्याचे दोन प्रकार आहेत. लोब्तिकमध्ये काठी निशाणातून आरपार जाते आणि दुसऱ्या खांद्यावर थांबते. तिथून पुढचा वार तयारच असतो. विटिकमध्ये काठी लागते आणि चाबकासारखी त्याच वाटेने परत येते. आधी लोब्तिक पक्कं करा. विटिक लवकर शिकलेल्यांचे वार पिचपिचीत होतात.

पहिला आणि दुसरा जोडून आठाचा आकडा तयार होतो. पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, मग तिसरा-चौथा, मग पाचवा. नंतर क्रम मोडा: पहिला-चौथा-पाचवा, दुसरा-तिसरा-पहिला. घरातल्या कुणाला तरी आकडे ओरडायला सांगा. क्रम पाठ झाला आणि आकडा ऐकून हात चालेना, तर समजा की वार नाही, कवायत पाठ झाली.

डाव्या हातानेही हे सगळं करा, सुरुवातीपासून. डावरे असाल तर सगळं आरशातल्यासारखं.

खडू, रेघ आणि पाय

जमिनीवर खडूने इंग्रजी व्ही काढा, प्रत्येक बाजू एका मोठ्या पावलाएवढी. टोकावर उभे राहा. डावीकडे पुढे जायचं तर डावा पाय आधी, उजवा मागोमाग; उजवीकडे जायचं तर उजवा आधी. परत टोकावर या. मग व्ही उलटा काढून मागे सरकण्याचा सराव. फिलिपिनो पदन्यासाचा गाभा हे दोन त्रिकोण आहेत. सरळ मागे पळणं त्यात नाही, कारण सरळ मागे जाणाऱ्याला समोरचा एका पावलात गाठतो.

आता वार जोडा. समोरच्याचा पहिला वार तुमच्या डाव्या बाजूला येणार, तर पाऊल उजवीकडे पुढे पडतं. दुसरा तुमच्या उजव्या बाजूला, तर पाऊल डावीकडे पुढे. दोन्ही वेळा तुम्ही वाराच्या रेषेतून बाहेर पडता आणि तरीही जवळ जाता. इथेच ही कला गोंधळात टाकते. अंग म्हणतं मागे हो. पाऊल पुढे पडायला हवं. गच्चीवर एकट्याने व्हीवर चाललेले पाय जोडीदार समोर आला की हमखास थिजतात. ते सगळ्यांचंच होतं, म्हणून जोडीदाराशी सुरुवात निम्म्याहून कमी वेगाने करायची.

अंतरं तीन. लार्गो, मेदियो, कोर्तो. शब्द स्पॅनिश आहेत, आणि शब्दांनी शिकण्यापेक्षा खडूनेच शिकावीत. दोघं समोरासमोर उभे राहा. एकाने काठी पुढे धरावी, दुसऱ्याने आपल्या काठीचं टोक त्याच्या मुठीला टेकवावं. पायांपुढे रेघ ओढा. हे लार्गो: इथे हात लागतो, डोकं लागत नाही. आता एक पाऊल पुढे, इतकं की काठी डोक्यापर्यंत पोहोचेल आणि तुमचा पहारेकरी हात त्याच्या मनगटाला लागेल. रेघ. हे मेदियो, दोघांसाठीही सर्वांत घातक. आणखी पुढे, तळवा त्याच्या छातीला टेकेल इतकं: कोर्तो. इथे काठी फिरवायला जागाच नाही. पुन्यो, कोपर आणि ढकलाढकली.

कोल्हापूरकडे तालमीत लाठी फिरवलेल्यांना इथे एक अडचण येते. खांदा आणि मनगट उत्तम तयार असतं, नजर चौफेर असते, पण लाठीचं अंतर मोठं असतं आणि ती दोन्ही हातांनी चालते. लार्गोवर उभे राहूनही आपण सुरक्षित आहोत असं त्यांना वाटतं आणि तिथेच बोटांवर टोला बसतो. एखाद महिन्यात हे जातं आणि मग ते बाकीच्यांच्या पुढे निघून जातात.

टायर

सेबूतली पोरं जुन्या टायरवर शिकली, तुम्हीही शिका. स्कूटरचा टायर दोरीने झाडाला किंवा गच्चीवरच्या पायपाला छातीच्या उंचीवर टांगा. एकाऐवजी दोन टायर असले तर उत्तम, वरचा डोक्यासाठी, खालचा गुडघ्यासाठी. काठी टायरला लागली की ती परत उसळते; त्या उसळीतूनच पुढचा वार काढायचा, ती थांबवायची नाही. आवाजावर लक्ष ठेवा. ठोस, लहान आवाज आला तर मनगट वेळेवर सुटलं. फटकन पसरट आवाज आला तर पेरं वळली. तीन मिनिटं मारा, मिनिटभर थांबा. टायरभोवती फिरत मारा, समोर खिळून नाही. शेजारी दुपारी झोपत असतील तर त्यांचाही विचार करावा, रबरावर वेताचा आवाज दोन इमारती ओलांडून जातो.

टायर नसेल त्या दिवशी कारेन्सा करा. म्हणजे समोर माणूस आहे असं धरून एकट्याने मोकळं खेळणं. काठी, पाय, पहारेकरी हात, हूल, सगळं. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं.

जोडीदाराचा हात

इथून पुढे दोघं लागतात. एक साधी, स्वस्त सोय: पातळ पीव्हीसी नळीवर एसीच्या पायपाला गुंडाळतात ती काळी फोमची नळी चढवा, टोकांना टेप मारा. या काठीने हातावर खरोखर मारता येतं. मार घेणाऱ्याने हॉकीचे किंवा क्रिकेटचे ग्लोव्ह्ज घालावेत, दोघांनीही गॉगल.

पहिला माणूस पहिला वार करतो, सावकाश, पण खरा: थांबवला नाहीत तर तुमच्या मानेवर येईल असा. तुम्ही उजवीकडे पुढे पाऊल टाकून त्याच्या ग्लोव्हवर मारता. त्याच्या काठीला हातही लावायचा नाही. एवढंच. दहा वेळा, मग बदला. मग दुसरा वार. मग कुठला येणार ते न सांगता. मग हूल देऊन.

दोन गोष्टी बिघडतात. वार करणारा दयाळूपणे काठी हवेत मध्येच थांबवतो, आणि तुम्हाला खोट्या अंतराची सवय लागते. दुसरं, तुमची नजर काठीच्या टोकावर जाते. टोक फार वेगाने फिरतं, डोळ्यांना सापडत नाही. नजर त्याच्या छातीच्या वरच्या भागावर ठेवा. खांदा हलला की कोन कळतो.

हातावर मारणं पन्नास टक्के जमू लागलं की पुढचा थर: हात लागला, लगेच पहारेकरी हात त्याच्या मनगटावर ठेवला, लगेच दुसरा वार. वेताच्या काठ्या घेऊन रोखणं शिकायचं ते आता, कारण प्रत्येक वेळी हात गाठता येत नाही. रोखतानाही नियम तोच: काठीने काठी अडली, त्याच ठोक्याला डावा हात त्याच्या मनगटाकडे निघाला. नुसतं अडवून थांबलेल्याला दुसरा वार बसतो. सुम्ब्रादा नावाचा सराव याचीच साखळी आहे, तुमचा प्रतिवार त्याचा पुढचा प्रश्न होतो. तो समोरासमोर शिकावा, लिहून सांगण्यात अर्थ नाही.

आता सिनावली

कपाटातली काठी काढा. सहा ठोक्यांची सिनावली अशी:

सुरुवातीला उजवी काठी उजव्या खांद्यावर, डावी काठी उजव्या काखेखाली.
१. उजव्या हाताचा सुलटा वार. काठी डाव्या खांद्यावर जाऊन थांबते.
२. डाव्या हाताचा उलटा वार, काखेखालून. काठी डाव्या खांद्याशी उभी राहते.
३. उजव्या हाताचा उलटा वार, डाव्या खांद्यावरून. काठी फिरून डाव्या काखेखाली येते.
४. डाव्या हाताचा सुलटा वार. काठी उजव्या खांद्यावर.
५. उजव्या हाताचा उलटा, काखेखालून. काठी उजव्या खांद्याशी.
६. डाव्या हाताचा उलटा, उजव्या खांद्यावरून. काठी फिरून उजव्या काखेखाली, म्हणजे पुन्हा सुरुवात.

अडकतात सगळे तिसऱ्यावर. उजवी काठी वार करून बाहेर गेलेली असते आणि तिने काखेखाली परत यायचं असतं. लोक तिला बाहेरच सोडतात आणि चौथ्याला दोन्ही हात एका बाजूला येतात. तिसऱ्यानंतर मुद्दाम थांबा, काठी काखेत दाबा, मग चौथा. दोन दिवसांत थांबायची गरज उरत नाही. सगळे वार कमरेच्या वर ठेवले तर एक प्रकार, सगळे खाली तर दुसरा, वर-खाली-वर केले तर तिसरा. हातांचा क्रम तोच.

जोडीदाराबरोबर दोघं एकच क्रम करतात, उजवीला उजवी भेटते, डावीला डावी. इथे हे टिपऱ्यांसारखं होऊन बसतं: ताल धरायचा, काठी काठीला लावायची, मजा. ते टाळायचं असेल तर प्रत्येक वार जोडीदाराच्या डोक्याच्या रेषेत काढा, त्याच्या काठीच्या नव्हे. तो थांबला तर तुमची काठी त्याच्यापर्यंत गेली असती का, हा प्रश्न दर दहा ठोक्यांना विचारा. आणि सिनावली चालू असताना त्रिकोणावर चाला. ताल चुकेल, चुकू द्या.

मग याचा उपयोग काय? दोन्ही हातांना एकाच वेळी वेगवेगळं काम करायची सवय. ती काठ्या टाकल्यावर कळते.

रिकामे हात

सिनावलीचे पहिले तीन ठोके काठ्यांशिवाय करून बघा, समोरच्याच्या ठोशावर. पहिल्या ठोक्याला उजवा तळवा ठोसा बाजूला सारतो, दुसऱ्याला डावा उलटा हात त्याच्या दंडाला लागून तो दाबतो, तिसऱ्याला उजवी उलटी मूठ त्याच्या चेहऱ्याकडे जाते. तीच वाट, फक्त लांबी कमी. ठोशाबाजीचा हा भाग पानान्तुकान, आणि धरपकड-ओढाताणीचा दुमोग. हाताचं तत्त्व इथेही सुटत नाही: येणाऱ्या मुठीवर कोपर बसवणं किंवा दंडाच्या स्नायूवर मारणं हे पानान्तुकानचं आवडतं काम.

यासाठीचा पायाभूत सराव हुबुद-लुबुद. समोरचा वरून तिरका हात टाकतो. तुम्ही डाव्या हाताने अडवता, उजव्या हाताने खालून त्याचा हात पलीकडे वळवता, डाव्या हाताने तो दाबून ठेवता आणि मोकळ्या उजव्या हाताने तसाच तिरका वार टाकता. आता त्याची पाळी. अडव, वळव, दाब, मार. जवळ उभं राहून, डोळे अधूनमधून मिटूनही. हाताला हात लागलेला असतो त्यामुळे स्पर्शातून कळायला लागतं की तो आता ढकलणार की ओढणार. वेग वाढवायची घाई नको; वेगाने केलेलं हुबुद म्हणजे दोघांनी मिळून घोकलेला पाढा.

काठी हिसकावण्याचे डाव नव्या लोकांना फार हवे असतात. तत्त्व सोपं आहे: मुठीचं दार अंगठ्याच्या बाजूला असतं. मनगट धरून ठेवलं आणि काठी त्या दारातून बाहेर वळवली की ती निघते. पण हात आधी दुखावलेला असेल तरच निघते. ताज्या, घट्ट मुठीतून काठी काढणं क्लासात जमतं, कारण जोडीदार सोडून देतो. आणि काठीऐवजी पातं असतं तर तिला धरणारे तुम्ही हात गमावून बसला असता.

सुऱ्याविषयी एवढंच: तो भाग शिक्षकाशिवाय करू नका, रबरी सुऱ्यानेही नाही. रंग लावलेल्या रबरी सुऱ्याने अर्धा मिनिट खेळून शर्टवरचे पट्टे मोजले, की खऱ्या सुऱ्यासमोर पळण्यात कमीपणा नाही हे कुणालाही पटतं.

खुला खेळ

तीन महिने नियमित झाल्यावर फोमच्या काठीने खुला खेळ सुरू करायला हरकत नाही: जाळीचं हेल्मेट, ग्लोव्ह्ज, कोपर आणि गुडघ्यांना पॅड. पहिल्या फेऱ्या फक्त हातावर, डोकं वर्ज्य. मग सगळं. स्पर्धेची वाट दोन प्रकारची. सेबूत १९८९ साली स्थापन झालेल्या वेकाफ या जागतिक एस्क्रिमा-काली-आर्निस महासंघाच्या स्पर्धांत अंगभर गादीचा कोट आणि जाळीचं हेल्मेट घालून खऱ्या वेताने सलग मारामारी चालते. प्रेक्षकांना ती धुमश्चक्री वाटते आणि अंतराचा विचार त्यात बऱ्याचदा हरवतो, कारण कोटामुळे मार खायची भीती जाते. आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत २०१९ साली फिलिपिन्समध्ये आर्निसचे २० सुवर्णपदकांचे प्रकार होते, त्यातली १४ यजमानांनी नेली. त्यात लढतीबरोबर आन्यो, म्हणजे एकट्याने सादर करायचे रचलेले डावही होते.

वेळेचं गणित बसवायचं तर आठवड्यातले चार दिवस, दिवसाला चाळीस मिनिटं. पहिला महिना एक काठी, पाच वार, खडूचा व्ही आणि टायर. दुसऱ्या महिन्यात जोडीदार, फोमची काठी आणि रोखणं, शेवटी सिनावली. तिसऱ्यात हुबुद, आणि त्यानंतर खुला खेळ. दर आठवड्याला एक पूर्ण दिवस डाव्या हाताचा. मनगट गरम न करता सुरुवात करू नका: बोटं मिटा-उघडा, मनगट दोन्ही दिशांना फिरवा, काठी आडवी धरून सावकाश पंख्यासारखी डावी-उजवी हलवा. या हालचालीला आबानिको म्हणतात आणि ती पुढे वार म्हणूनही येते.

शिक्षक शोधताना प्रमाणपत्रं किती, यापेक्षा एक तास बसून बघा. विद्यार्थी पाय हलवतात का? शिक्षक स्वतः मार घ्यायला समोर उभा राहतो का? बोटाला लागलं तर काय करतात? काठीवर काठी किती वाजते आणि हातावर किती? तासाभरात एकदाही फोमची काठी किंवा हेल्मेट बाहेर आलं नाही, तर दुसरा क्लास बघा.